दुपट्यांवरची नावं

आमची सून संचिता भित्री आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणते आणि ती हसून मान्य करते. कुकरची शिट्टी झाली की दचकते, झुरळ दिसलं की कॉटवर चढते, लिफ्ट मध्येच थांबली तर माझा दंड धरून डोळे मिटते. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी प्रीतमला, म्हणजे माझ्या मुलाला, म्हटलं होतं की बाबा रे, जपून, ही स्वतःच्या सावलीला घाबरेल. आणि अशा मुलीनं एम.ए.ला विषय कुठला घ्यावा, तर युद्ध आणि मदतकार्य यांचं नातं. लोकांच्या सुना केक शिकतात, योगाचे क्लास लावतात. आमच्या घरी जेवताना तोफगोळे.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. आयुष्यभर लढाया शिकवल्या. कोण जिंकलं, तह कुठे झाला, कलमं कोणती, सगळं मुलांकडून घोकून घेतलं. लढाई संपल्यावर मैदानातले जखमी कोणी उचलले, त्यांना पाणी कोणी पाजलं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं आणि मलाही ते कधी विचारावंसं वाटलं नाही. संचितानं नेमकं तेच विचारायला घेतलं.

त्याचं असं झालं. ती ठाण्याला परदेशी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. जहाजानं जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करायची, हे तिचं काम. एकदा तिच्या टेबलावर एकाच जहाजाचे कागद आले. त्यात लढाईनं होरपळलेल्या एका देशासाठी गव्हाचं पीठ होतं आणि त्याच देशातल्या सैन्यासाठी बूट होते. पीठ मदत म्हणून, बूट विकत. घरी येऊन पानावर बसल्यावर तिनं मला विचारलं की बंदरावर आधी पीठ उतरवत असतील की बूट. मी म्हटलं, जे वर असेल ते. ती हसली नाही. त्या एका प्रश्नानं तिची पाठ सोडली नाही. शेवटी तिनं परदेशातल्या एका विद्यापीठाचा एम.ए.चा ऑनलाइन अभ्यासक्रम धरला आणि नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली. प्रीतमचं ऑफिस घोडबंदर रोडला. तो तिथल्या ट्रॅफिकमधून सुटून घरी पोचेपर्यंत हिचा वर्ग सुरू झालेला असायचा. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायचे आणि भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू यायचं.

ऐकून ऐकून मीही थोडी शहाणी झाले. मदत ही वाटते तितकी साधी नसते. अन्नाची गाडी नाक्यावरून सोडायची तर बंदूकवाला त्यातला वाटा मागतो. दिला तर त्याचं पोट भरतं आणि लढाई लांबते, नाही दिला तर पलीकडची मुलं उपाशी राहतात. यावर त्यांच्या वर्गात कडाक्याचे वाद व्हायचे, आणि झुरळाला घाबरणारी माझी सून त्यात ठणकावून बोलायची. मला मनातून फार अभिमान वाटायचा. तोंडानं मी एवढंच म्हणायचे की पोळ्या गार होताहेत.

तिचा पहिला मोठा निबंध मदतीवरच्या खुणांबद्दल होता. झेंडा, चिन्ह, देणाऱ्याचं नाव. दवाखान्याच्या गाडीवर चिन्ह रंगवलं की कधी ते चिन्ह वाचवतं आणि कधी त्यावरच नेम धरला जातो, असा काहीसा तिचा मुद्दा. हे तिला पुस्तकात नव्हे, आमच्याच गल्लीत सुचलं. मागे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा घरभर झाल्या होत्या. संचिता बाथरूममध्ये जाऊन बसली, काही केल्या बाहेर येईना. संध्याकाळी जेवणाची पाकिटं वाटायला माणसं आली. प्रत्येक पाकिटावर हात जोडलेल्या पुढाऱ्याचा फोटो, आणि पाकीट घेताना आपला फोटो द्यायचा. काचेनं हात कापलेली एक बाई फोटोसाठी तो हात पदराखाली लपवत होती. संचितानं ते पाहिलं आणि निबंधाची सुरुवातच तिथून केली. प्राध्यापकांनी तो भर वर्गात वाचून दाखवला.

त्या वर्गात जगभरची मंडळी होती. त्यातली एक डॉक्टर, जिच्या देशात लढाई चालू होती, अजूनही आहे. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही आणि तिचंही नाही. हे सगळं झाल्यापासून मला नावं लिहायची भीती वाटते. आपण तिला विनिता म्हणू.

विनिता एका जुन्या गोदामाच्या तळघरात बाळंतपणं करायची. दारावर पाटी नाही, बाहेर दिवा नाही. दोन्ही बाजूंच्या बायका तिथे यायच्या. कळा सुरू झाल्या की बाईला कुठलीच बाजू राहत नाही, असं ती म्हणायची. तिथल्या बंदूकवाल्यांना हेच खुपत होतं. आपल्या शत्रूच्या बायकांची बाळंतपणं करणारी ही कोण, म्हणून ते ती जागा शोधत होते. बायका एकमेकींच्या कानात सांगून ती जागा पुढे पोचवायच्या आणि पुरुषांना कळू द्यायच्या नाहीत.

एकदा व्हिडिओवर संचिताशी इंग्रजीत बोलताना तिनं नुकतं जन्मलेलं बाळ दाखवलं. खिडकीच्या जाड पडद्यात गुंडाळलेलं. त्याचा गाल घासून लाल झाला होता. मी मागून डोकावत होते, माझ्या तोंडून निघून गेलं की अगं, हिच्याकडे दुपटी नाहीत का?

एवढं पुरलं. आमच्या एकविरा छाया सोसायटीतल्या बायकांना कामाला लावायला कुणी ढोल वाजवावा लागत नाही. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली सुती लुगडी कपाटांच्या तळातून बाहेर आली आणि दुपारी कमळाबाईंच्या हॉलमध्ये आमची बैठक बसू लागली. कमळाबाई मूळच्या इथल्याच, ठाकुर्लीच्या बाजूच्या. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. आता पहिला मजला सगळा त्यांचा. वय ऐंशीच्या पुढे, तरी सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात, आणि सोसायटीत त्यांचा शब्द सेक्रेटरीच्या वर चालतो.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात तांब्या दिला तरी त्यावर नाव घालून द्यायचं. देवळाला पंखा दिला तर पात्यापात्यावर नाव, मग पंखा सुरू केला की ते कुणाला वाचता येत नाही तो भाग वेगळा. कमळाबाईंनी पहिलं दुपटं शिवून झाल्यावर त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं साखळी टाक्यात आपलं नाव भरलं आणि खाली इमारतीचं. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि आपापलं भरलं. मीही भरलं. चांगलं दिसत होतं.

संचिता कामावरून आली, तिनं ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली की आजी, नावं नकोत, कोरीच देऊ या. कमळाबाईंनी सुई कापडात खोचून ठेवली.

"नाव नाय टाकलं तं ती भेट कशी? भीक झाली ती," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला कलू दे, कुनीतरी बाय हाय तिच्या मागं."

या बोलण्यानं संचिता अडली. घेणाऱ्याचा मान राखला नाही तर मदत ही मदत राहत नाही, हे तिच्याच अभ्यासातलं वाक्य होतं, आणि ते कमळाबाईंनी सुईच्या टोकावर धरून तिला दाखवलं होतं. त्या संध्याकाळी ती घरात येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली. तिथे मराठी अक्षरं कुणालाही वाचता येणार नाहीत. ज्याला ती दिसतील त्याला ती वेलबुट्टीच वाटेल. वाचताच येत नाही तर धोका कसला, असं तिनं मला विचारलं. मलाही ते पटलं. कुणाला पटलं नसतं?

विनिताचा एक चुलतभाऊ पुण्यात शिकत होता. सुट्टीत घरी निघाला तेव्हा तो डोंबिवलीला येऊन बॅग घेऊन गेला. कमळाबाईंनी त्याला बळेच बसवून तांदळाच्या भाकऱ्या खायला घातल्या. काही आठवड्यांनी विनिताचा निरोप आला. दुपटी दवाखान्यातच धुऊन पुन्हा वापरायची असं तिनं ठरवलं होतं, पण एकही आई ते परत द्यायला तयार नव्हती. बाळाबरोबर दुपटंही घरी जात होतं. आम्ही सगळ्या इतक्या खूश झालो की लगेच दुसऱ्या बॅगेसाठी लुगडी काढली.

मग एका सकाळी चहा उकळत असताना संचिताच्या फोनवर विनिताच्या आवाजातला निरोप आला. घाईत बोललेला, दबका. संचितानं तो ऐकला आणि फोन माझ्या कानाशी धरला. पुढची बॅग पाठवू नकोस, असं ती म्हणत होती. नाक्यावरची माणसं आता बाळांची पांघरुणं उघडून बघतात. ती लाल अक्षरं ज्या बाळाच्या अंगावर दिसतील त्याच्या आईला विचारतात की कुठे बाळंत झालीस. काल एका बाईला गाडीतून उतरवून घेऊन गेले. तिचं बाळ शेजारणीच्या मांडीवर राहिलं. इथे निरोप तुटला.

चहा उतू गेला, गॅस विझला, वास यायला लागला तेव्हा मी बटण बंद केलं. संचिता ओट्याला टेकून उभी होती.

"वाचता येत नाहीत म्हणूनच, आई," ती म्हणाली. "तसली अक्षरं तिथे दुसऱ्या कशावरच नाहीत."

मी स्टुलावर बसले. आम्ही बायकांनी दुपारच्या गप्पा मारत, चिवडा खात, एकेका बाळाच्या अंगावर त्या तळघराची खूण शिवून पाठवली होती. ज्या जागेचा पत्ता तिथल्या बायकांनी जिवापाड लपवला, तो आम्ही लाल दोऱ्यानं भरला होता.

त्यानंतरचे दिवस मी पुन्हा मागणार नाही. संचिता निरोपावर निरोप पाठवत होती आणि तिकडे एकही पोचत नव्हता. पुण्याच्या त्या मुलाच्या घरच्यांमार्फत तिनं एवढंच कळवायची धडपड केली की ज्यांच्याकडे दुपटं आहे त्यांनी तो कोपरा कापून जाळून टाका. ते पोचलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. वर्गात कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण वर्गातही कोण कुणाला ओळखतं ते ठाऊक नाही. प्रीतमनं तिची समजूत काढायचा प्रयत्न केला, तू काय मुद्दाम केलंस का म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहून विचारलं की मुद्दाम कोण करतं?

एक दिवस तिला तोच खुणांवरचा निबंध नव्या विद्यार्थ्यांसमोर मांडायला सांगितलं. तिनं लॅपटॉप उघडला, निबंध पहिल्यापासून वाचत गेली, आणि तब्येत बरी नाही असं कळवून लॅपटॉप मिटला.

"सगळं बरोबर लिहिलंय मी," ती मला म्हणाली.

मला तिची भीती वाटायला लागली होती. त्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकली नाही. ज्या मुलीला मी वर्षानुवर्षं भित्री म्हणून चिडवत आले तिला आता घरातल्या कशाचीच भीती वाटेना, सगळी भीती त्या एका नाक्यावर जाऊन बसली होती. जेवायची नाही. झोपतानाही फोन उशाशी न ठेवता मुठीत धरून असायची. मी दुपारी जरा पडले की माझ्याही डोळ्यांसमोर ती गाडी यायची, उतरवलेली बाई आणि मागे राहिलेलं बाळ. बाळाला पाजलं असेल का कुणी, हा विचार आला की मी उठून बसायचे.

कमळाबाईंना सांगायचं काम संचितानं माझ्यावर टाकलं नाही. ती स्वतः खाली गेली. मी तिच्या मागे उभी होते. तिनं सगळं सांगितलं, कुणावरही दोष न ठेवता. हॉलमध्ये दुसऱ्या बॅगेची लुगडी तशीच पडली होती.

"उतरवली ती बाय," त्यांनी शेवटी विचारलं, "तिच्या पोराच्या अंगावर कुनाचं नाव व्हतं?"

ते कुणाला कळणार? पण तो प्रश्न इमारतभर पसरला. प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच असणार. बायका जिन्यात भेटल्या तर नुसती मान हलवून पुढे जायच्या. मलाही रोज वाटायचं की माझंच. नीरजा, एवढी तीन अक्षरं, किती हौसेनं भरली होती मी.

कमळाबाई रोज दुपारी वर येऊन आमच्याकडे बसू लागल्या. काही कललं का, एवढंच विचारायच्या आणि चहा न घेता बसून राहायच्या. अशाच एका दुपारी फोन वाजला. विनिता होती. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. संचितानं फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

विनिता जिवंत होती. तळघर त्यांनी वेळेत रिकामं केलं होतं आणि आता दुसरीकडे काम चालू होतं. कोपरे कापायचा निरोप पोचला होता, बहुतेकींनी कापले होते. आणि उतरवलेली ती बाई परत आली होती. किती दिवस ठेवलं, काय केलं, ते विनिता बोलली नाही. एवढंच म्हणाली की तिनं तोंड उघडलं नाही. शेतात एकटीच बाळंत झाले आणि कापड बाजारातून आणलं, हेच ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

संचिता ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही रडले. कमळाबाईंना मी मराठीत सांगितलं, ती सुटली, ती सुटली. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"थांब, ऐक," विनिता म्हणाली. "ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे. बाळ त्याच दुपट्यात आहे. ती कोपरा कापू देत नाही."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या बाईला वाटत होतं की ती लाल अक्षरं म्हणजे प्रार्थना आहे. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बायकांनी तिच्या बाळासाठी आशीर्वाद शिवून पाठवला, आणि त्याच्याच जोरावर आपण त्या लोकांच्या हातून सुटलो. आशीर्वादाला कात्री लावायची नाही, असं तिचं म्हणणं. दुसरं कापड देऊ केलं तर घेत नव्हती. आणि उद्या तिला त्याच नाक्यावरून घरी जायचं होतं.

"त्यावर काय लिहिलंय ते तू सांग," विनिता म्हणाली. "माझं ऐकत नाही ती. ज्यांनी शिवलं त्यांचं ऐकेन म्हणते."

संचितानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांगून टाक की हो, आशीर्वाद आहे. त्या बाईनं एवढं सोसलं, तिच्याजवळ एवढं तरी राहू दे. मग उद्याचा नाका डोळ्यांसमोर आला आणि मी नजर खाली वळवली. कमळाबाई विचारत होत्या, काय म्हनते, काय म्हनते ती. मी त्यांचा हात धरून ठेवला.

"नाव आहे," संचिता म्हणाली.

विनितानं ते तिच्या भाषेत सांगितलं. पलीकडून त्या बाईचा आवाज आला. फार कोवळा आवाज होता, आणि त्यात आनंद होता.

"ती विचारते, बाळाचं का?"

"नाही. जिनं शिवलं तिचं. आणि खाली आमच्या इमारतीचं."

हे सांगायला विनिताला वेळ लागला. तिलाही ते आत्ताच कळत होतं. मग ती बाई काहीतरी थोडंसंच बोलली.

"ती विचारते, म्हणजे माझ्या बाळासाठी त्यात काहीच नाही?"

संचितानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. तिला इतकी घाबरलेली मी त्या सगळ्या दिवसांत पाहिली नव्हती.

"काहीच नाही," ती म्हणाली. "काप म्हणावं."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग विनिता बोलली.

"कात्री मागते आहे."